उन्हावर चालणारी डाळगिरणी

हुमनाबादला हायवेच्या कडेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं यायच्या आणि मी त्यांच्यात नवी तार भरून द्यायचो. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक वेल्डर होता. लॉरीच्या बॉड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, धाब्यांच्या कमानी, असलं त्याचं काम. सगळा हायवे त्याला मिस्त्री म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. तो मला अण्णा म्हणायचा. वयानं आम्ही सारखेच, पण माझे केस लवकर पिकले होते. त्याच्या घरात दखनी उर्दू, माझ्या घरात अर्धी मराठी अर्धी कन्नड. आम्ही दोघं एकमेकांशी नेमकं काय बोलायचो ते आम्हालाही सांगता आलं नसतं.

सोलरच्या कामात आम्ही ठरवून पडलो नाही. एका धाबेवाल्यानं शहरातल्या एजन्सीकडून गच्चीवर प्लेटा बसवून घेतल्या होत्या. पहिल्याच वावटळीत सांगाडा वाकला आणि चार प्लेटा रस्त्यावर येऊन पडल्या. एजन्सीवाले फोन उचलेनात, तेव्हा धाबेवाला आमच्याकडं आला. मिस्त्रीनं नवा सांगाडा करून दिला आणि मी वायरिंग जुळवलं. त्यासाठी फोनवर व्हिडिओ बघून बघून माझे डोळे दुखले होते. मग त्या धाब्यावर जेवायला थांबणारे लोक वर बोट दाखवून विचारायला लागले, ‘हे कुणी बसवलं?’

पुढची तीनचार वर्षं मोटारसायकलवर गेली. पुढं मी, मागं खांद्यावर पाइप घेतलेला मिस्त्री. प्लेटांचे खोके चीनहून यायचे. त्यावरची अक्षरं बघून मी एकदा म्हणालो, “काय लिवलंय देव जाणे.” मिस्त्री म्हणाला, “कायबी असू दे की अण्णा. ऊन आपलं हाय, लोखंड आपलं हाय.” त्या वेळी आम्हाला हे अगदी खरं वाटायचं.

माझी थोरली बहीण खजुरीला, आळंद तालुक्यात. भावजी गेल्यापासून शेत तीच बघते. त्या भागात तुरीशिवाय दुसरं काय पिकणार? पण तूर काढायची, कलबुर्गीच्या मार्केटात नेऊन घालायची आणि वर्षभर दुकानातून डाळीची पाकिटं आणायची, हा सगळ्या गावाचा रिवाज. अक्काला हे लग्न होऊन आल्यापासूनच अपमानासारखं वाटायचं.

“आपलीच तूर आपुनच इकायची, आन् आपुनच डाळ इकत आणायची,” ती मला म्हणाली. “ह्येला शाणपन म्हन्त्यात व्हय रे, तम्मा?” धाकटा भाऊ म्हणून ती मला कन्नडमध्ये तम्मा म्हणायची.

तिला छोटी डाळगिरणी टाकायची होती. अडचण विजेची. शेतीची थ्री फेज लाइन दिवसातून काही तासच यायची, आज सकाळी तर उद्या दिवस मावळताना. मध्येच गेली की मशीनमधली तूर अर्धवट भरडलेली राहणार. मी तिला सहज म्हणालो, “उन्हावर चालवू की.” माझ्या त्या एका बोलण्यावर तिनं पुढं सगळा विश्वास टाकला.

काम रमजानच्या महिन्यात निघालं. मिस्त्रीचे रोजे होते. कडक ऊन, खाली तापलेला कातळ, हातात वेल्डिंगची कांडी आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. अक्का दर थोड्या वेळानं येऊन भांडायची.

“उपाशी माणसानं उन्हात असलं काम करू न्हाई. उतर खाली.”

“झालंच अक्का, एवढा एक जोड.”

“मघाशीबी एकच म्हणलास.”

तो हसायचा आणि काचेचा मुखवटा पुन्हा तोंडावर ओढायचा. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अक्का तोंडात पाणी घेत नाही. त्या महिन्यात तिनं आळंदहून खजूर मागवून ठेवले. दिवस मावळायला आला की खजूर आणि लिंबाचं सरबत ओसरीवर मांडून स्वतः बांगेची वाट बघत बसायची. मिस्त्री रोजा सोडायचा आणि मग आम्ही सगळे ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन बसायचो. मिस्त्रीच्या आईनं ईदला अक्कासाठी हिरव्या बांगड्या पाठवल्या. विधवेला बांगड्या कशा द्यायच्या म्हणून मी त्या पिशवीतच ठेवल्या होत्या. अक्कानं हात पुढं केला आणि भरल्या.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी अर्धी खजुरी जमली होती. तेलपाणी करून वाळवलेली अक्काची तूर वरच्या टोपात ओतली. मी खटका ओढला. मोटार आधी गुरगुरली, मग वेग धरला. इतक्यात सूर्यावरून एक ढग गेला आणि गिरणी मंदावली. बायका खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “ढगाला इचारून चालायलीय गं ही!” ढग सरला, गिरणी पुन्हा पळायला लागली आणि खालच्या तोंडातून पिवळी डाळ पडू लागली. अक्कानं ओंजळ खाली धरली. डाळ ओंजळीतून ओघळली तरी तिनं हात काढला नाही. त्या दुपारी तिनं जमलेल्या सगळ्यांना वरणभात वाढला. मिस्त्रीनं पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, “प्लेटांवरून डाळीत आलं बग ऊन.”

दोन हंगाम चांगले गेले. आसपासच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर, स्कुटीवर तुरीची गाठोडी घेऊन यायच्या, लिंबाच्या सावलीत बसायच्या आणि डाळ घेऊन जायच्या. उरलेली चुनी जनावरांना. अक्काच्या अंगणात दिवसभर बोलणं चालायचं. मला तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकू आला नव्हता. खटकचिंचोळीच्या एकाला तेलाचा घाणा उन्हावर चालवायचा होता, बसवकल्याणकडच्या दोघांना पिठाची गिरणी. आम्ही शब्द देऊन बसलो.

आणि प्लेटा मिळेनाशा झाल्या.

आधी तिकडं दूर सरहद्दीवर आपलं चीनशी बिनसलं. मग बाहेरच्या प्लेटांवर कर वाढला, मग सरकारनं मान्य केलेल्या कंपन्यांच्याच प्लेटा सरकारी योजनेत चालतील असं ठरलं. आपल्या देशात आपल्या प्लेटा व्हाव्यात, यात चूक काय? मलाही ते पटलेलं होतं, आजही पटतं. पण देशात होणारा माल मोठ्या प्रकल्पांकडं गाड्या भरभरून जायचा. आमच्यासारख्यानं दहावीस प्लेटा मागितल्या की डीलर म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना आलाच नाही. घाण्यावाल्यानं वाट बघून डिझेलचं इंजिन घेतलं. पिठाच्या गिरणीवाल्यांनी माझा फोन घेणं बंद केलं.

त्याच सुमाराला आमच्याच भागात मोठा सोलर प्रकल्प उभा राहायला लागला. मिस्त्री तिथं काम मागायला गेला. त्याला वाटलं, एवढ्या प्लेटा म्हणजे सांगाडे किती लागतील! संध्याकाळी परत आला तो सरळ माझ्या दुकानात येऊन बसला.

“काय झालं?”

“वेल्डिंगच न्हाई अण्णा तितं. सगळं कारखान्यातून तयार येतंय. नट घालायचा, आवळायचा. वेल्डिंग केलं की वरचं जस्त जळतंय, गंज धरतोय म्हनायलेत.” मग म्हणाला, “खरंय त्येंचं.”

काही आठवडे त्यानं तिथं नट आवळले. एवढा हातात कसब असलेला माणूस रोज सकाळी पाना घेऊन जायचा, ते मला बघवत नव्हतं. प्लेटा धुवायलाही माणूस नको होता. कोणती रांग मळली, कोणती प्लेट तापायली हे वरून फिरणारं ड्रोन बघायचं, कॉम्प्युटर ठरवायचा आणि रांगेवरून एक ब्रश आपोआप सरकत जायचा. नट आवळून झाले तसं मिस्त्रीचं कामही संपलं.

मग एक दिवस चहा पिताना तो म्हणाला, “जायलोय अण्णा.”

“कुठं?”

“दुबईच्या बाजूला. वाळवंटात सोलरचं लई मोठं काम निघालंय. मामूचा पोरगा हाय तितं.”

“कामून जायलास? हितं कायतरी निघंल की.”

त्यानं दोन्ही चहाचे पैसे दिले. थांब म्हणायला माझ्याकडं तरी काम कुठं होतं? जाताना त्यानं आपली वेल्डिंगची मशीन माझ्या दुकानात आणून ठेवली. “आलो की घेतो,” म्हणाला.

तो गेल्यावरच्या हंगामात, ऐन सुगीत, अक्काची गिरणी बंद पडली. प्लेटा धड, मोटार धड, पण मधला इन्व्हर्टर लाल दिवा लावून बसला. मी उघडून बघितलं. आतलं एक कार्ड जळालं होतं. मोटार जळाली तर मी रात्रंदिवस एक करून चालू करीन, पण त्या कार्डात मला हात घालता येईना. सगळं लाखेसारख्या काळ्या थरात बुजवलेलं. कंपनीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून बाईचा गोड आवाज आला. मराठी हवी असेल तर तीन दाबा. अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला.

“नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

“बाई, गिरणी बंद पडलीय बग. लाल लाइट लागायलाय, चालूच हुईना. कामून असं करायलीय?”

“माफ करा, मला समजलं नाही. आपण पुन्हा सांगाल का?”

अक्का जरा मोठ्यानं बोलली. पुन्हा माफी. मग तिनं शाळेतल्या पुस्तकासारखं एकेक शब्द जुळवून सांगितलं, मग कन्नडमध्ये सांगितलं. आवाज लगेच कन्नडमध्ये बोलायला लागला, पण ती बेंगळूरची कन्नड. आमची तिला कळेना. शेवटी मी मॉडेलचा नंबर टाइप केला. तेव्हा आवाज म्हणाला, “आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

“दिलगीर हाय म्हन्ती,” अक्का मला म्हणाली. मग फोनला म्हणाली, “तर मग ये की बाई एकदा. जेवून जा.”

“अक्का, ती बाई न्हाई. मशीन हाय.”

“मशीन?” तिनं फोन कानापासून लांब धरून बघितला. “मग मी मघापासून बाई बाई कुणाला करायले रे?” ती हसली. मलाही हसू आलं. मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं, तेही मशीनचंच. कार्ड बाहेरदेशातून येतं, सध्या तिकडच्या मालावर बंधनं आहेत. आणखी काही दिवसांनी कळलं की ते मॉडेलच बंद झालं आहे, मान्यताप्राप्त नवा इन्व्हर्टर घ्यावा. तो जुन्या प्लेटांशी जुळेल की नाही हे कुणी छातीठोक सांगेना. तोवर सुगी संपत आली. अक्का लाइनवर गिरणी चालवायची, पण लाइन येईल तेव्हा. तूर घेऊन आलेल्या बायका सावलीत बसून बसून गाठोडी पुन्हा डोक्यावर घ्यायच्या. काही दिवस अक्काची भीड म्हणून आल्या, मग आल्या नाहीत. अंगण पुन्हा मुकं झालं.

प्रकल्पातला एक तरुण इंजिनियर माझ्या दुकानात पंखा दुरुस्तीला टाकायला आला होता. तो म्हणाला, भर दुपारी आम्हालाच कधी कधी प्रकल्प बंद करायला सांगतात. वीज जास्त होते आणि न्यायला तारा पुरत नाहीत. आता नवी लाइन पडायलीय, हैदराबादकडं. तिकडं मोठमोठी कॉम्प्युटरची गोदामं उठायलीत, माणसासारखं बोलणाऱ्या मशीन चालवायला.

हे मी अक्काला सांगितलं. तिच्या बांधापलीकडून लाइनचे उंच टॉवर गेले होते, आम्ही त्यांच्याकडं बघत होतो.

“म्हंजे ती फोनमधली बाई?” तिनं विचारलं.

“तसलीच.”

“तिला बोलायला बी लाइट लागती व्हय?”

“लई लागती म्हन्त्यात.”

“आन् ती बी हितल्या उन्हाची?” तिनं विचारलं, आणि ती गोठ्याकडं गेली.

मिस्त्री अधूनमधून व्हिडिओ कॉल करायचा. त्याच्या मागं प्लेटाच प्लेटा, नजर पोचेपर्यंत. “समुंदर हाय अण्णा काचेचा,” म्हणायचा. त्याला तिथं पाइपचं वेल्डिंग मिळालं होतं आणि तो खुशीत होता. मग तिकडं लढाई पेटली. टीव्हीवर आभाळातून जाणाऱ्या आगीच्या रेघा दाखवायला लागले. विमानं बंद झाली आणि मिस्त्रीचा फोन लागेना.

त्याची आई रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बसायची. घरापेक्षा दुकानात रेंज चांगली असते, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी तार गुंडाळत असायचो, ती भिंतीला टेकून तसबीचे मणी ओढत असायची.

“आया क्या फोन, बेटा?”

“अजून न्हाई, अम्मी. येईल.”

“हौ. आयेगा.”

दुपारी मी डबा उघडला की तिला वाढायचो. ती दोन घास खायची, पोराच्या काळजीनं म्हणायची, “उने क्या खाया की,” आणि हात धुवायची. अक्का खजुरीहून फोन करून तिच्याशी बोलायची. एक जण मराठीत, एक जण दखनीत. दोघी काय बोलायच्या कुणास ठाऊक, पण फोन ठेवल्यावर म्हातारी जरा सावरलेली असायची. शेवटी एका सकाळी फोन वाजला आणि मिस्त्रीचा आवाज आला. मी तिला फोन दिला. ती नुसती रडत राहिली, आणि तो पलीकडून “अम्मी, अम्मी” करत राहिला.

विमानं सुरू झाल्यावर तो आला, एक छोटी बॅग घेऊन. वाळला होता. मी त्याच्या येण्याची किती वाट बघितली होती! जळालेलं कार्ड कुठून तरी मिळवू, गिरणी चालू करू, देशातल्या प्लेटा आता जरा मिळायला लागल्यात, घाण्यावाल्याला पुन्हा भेटू, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. त्याच्या मशीनवरचं पोतं काढून, धूळ झटकून ठेवली होती.

तो दुकानात आला. मशीनवर हात ठेवला, केबल सरळ केली. मी बोलत होतो, तो ऐकत होता.

“अण्णा,” माझं झाल्यावर म्हणाला, “मशीन इकून टाक.”

“कामून रे?”

“हैदराबादला काम मिळालंय. कॉम्प्युटरच्या गोदामाचं. आत लई गरम व्हतंय म्हन्त्यात, गार पाण्याचे पाइप फिरवायलेत सगळीकडं. पक्कं वेल्डिंग लागतंय, माझ्यासारखं.” मग हळूच म्हणाला, “अम्मीच्या जवळपास राहायला मिळतंय. शनिवारी येता येतंय. आता लांब न्हाई जायाचं मला.”

मी पोतं पुन्हा मशीनवर टाकलं. कितीतरी वर्षांनी आपल्या मुलखाजवळ त्याच्या हाताला साजेसं काम त्याला मिळालं होतं. मी म्हणालो, “चांगलं झालं की.” ते चांगलंच होतं. तरी मी त्या दिवशी शटर लवकर ओढलं.

आता मी एका कंपनीच्या सोलर पंपांची सर्व्हिस करतो. कुठल्या शेतकऱ्याचा पंप बिघडणार ते फोन मला आधीच सांगतो, रस्ताही दाखवतो. मी जातो, सांगितलेला भाग बदलतो, फोटो काढून पाठवतो आणि पुढं निघतो. बरं चाललंय. कुणाच्या घरी भाकरी खाऊन बसायला मात्र वेळ राहत नाही.

अक्कानं यंदा गिरणी विकली. उदगीरकडचा एक जण आला, माणसांनी मशीन उचलून टेम्पोत घातली. प्लेटा अजून तिथंच आहेत. दोनावर घरचे दिवे चालतात, बाकीच्या नुसत्या उन्हात उभ्या आहेत. टेम्पो गेल्यावर अक्का म्हणाली, “लई काय न्हाई तम्मा, दोन वर्सं तरी आपली डाळ खाल्ली.” मग तिनं परसातून आणलेली भाजी निवडायला घेतली. मला तिच्याकडं बघवेना.

मागच्या महिन्यात बायकोचे डोळे दाखवायला हैदराबादला गेलो होतो. मिस्त्री भेटायला आला. त्यानं लांबून ती इमारत दाखवली. एकही खिडकी नसलेल्या भिंती, आतून एकसारखी घरघर. समोरच्या हॉटेलात इराणी चहा घेतला.

“आपल्याकडची लाइट हितंच येती का रे?” मी विचारलं.

“कुनाला ठाऊक अण्णा. तारेवर गाव लिवलेलं असतंय व्हय?” तो म्हणाला. मग त्यानं अक्काची चौकशी केली. गिरणी कशी चाललीय, कार्ड मिळालं का. म्हणजे गिरणी विकल्याचं त्याला कळलंच नव्हतं. मी सांगितलं.

त्यानं बशीत उरलेला चहा तसाच खाली ठेवला.

“सांगायचं होतंस,” म्हणाला. “गिरणी खोलायला मी आलो असतो.”

त्याला सुट्टी मिळाली नसती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण मी म्हणालो, “व्हय रे, सांगायलाच पाहिजे होतं.” मग बायकोच्या डोळ्यांतल्या औषधाची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो. तो आम्हाला बसपर्यंत सोडायला आला, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून बस सुटायच्या आधीच निघाला.